खाऱ्या जमिनीचे धान आणि कुरखेड्याची बांधी

कुरखेडा : गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेडा तालुक्यातील शेतजमीन खारी नाही. या भागात वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जंगलाच्या उतारावरून येणारे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते आणि पुढे नदी-नाल्यांना जाऊन मिळते. मातीत क्षार साचून राहण्यास वावच मिळत नाही. असे असूनही, खाऱ्या जमिनीत तग धरणारे म्हणून ज्या धानाचा २०२५ मध्ये देशभर गाजावाजा झाला, त्या धानाशी या जंगलपट्ट्यातील शेतकऱ्याचे नाते वरवर दिसते त्यापेक्षा बरेच जवळचे आहे.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नवी दिल्लीत, जनुक संपादनाच्या तंत्राने विकसित केलेल्या दोन भातवाणांची घोषणा केली. त्यांपैकी ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ ‘कमला’ हा वाण हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा आहे. दुसरा, ‘पुसा डीएसटी राइस १’, हा नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केला. त्याच्या नावातील ‘डीएसटी’ ही अक्षरे दुष्काळ आणि क्षार यांना सहन करण्याच्या गुणाची निदर्शक आहेत. हा वाण ज्या मूळ वाणावरून घडविला गेला, तो म्हणजे ‘एमटीयू १०१०’. आंध्र प्रदेशातील मारुटेरू संशोधन केंद्राचा हा वाण पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात नुसत्या ‘१०१०’ या आकड्याने ओळखला जातो. लवकर तयार होणारे, लांब-बारीक दाण्याचे हे धान झाडीपट्टीतील शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाचे आहे. नव्या वाणासाठी निश्चित केलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचाही समावेश आहे.

त्यामुळे प्रश्न उपस्थित होतो तो असा : खाऱ्या जमिनीसाठी म्हणून तयार झालेले बियाणे, जेथे जमीन खारी नाही अशा तालुक्यात आले तर त्याचा उपयोग काय? आणि उपयोग असल्यास तो कोणी, कोठे आणि कसा सिद्ध करून दाखवायचा? याचे उत्तर शोधण्यासाठी, मुळात पीक खारेपणा सहन करते म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पाणी असूनही तहान

क्षारपड जमिनीत पीक वाळते तेव्हा ‘मिठाने जाळले’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पिकाला पहिला फटका बसतो तो विषाचा नव्हे, तर तहानेचा. वनस्पतीची मुळे मातीतील पाणी ओढून घेतात, ते मुळांच्या पेशींमधील द्रावण बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असते म्हणून. बाहेरच्या पाण्यात क्षार वाढले की हा फरक कमी होतो. पाणी मुळाशी असते, पण ते आत येत नाही. चिखलात उभे असलेले रोप कोरड्या जमिनीतल्या रोपासारखे वागू लागते. त्याची नवी पाने लहान निघतात, फुटवे कमी येतात आणि वाढ खुंटते. मिठाचा एक कणही पानापर्यंत पोहोचण्यापूर्वी हे घडू लागते. ऑस्ट्रेलियातील वनस्पतिशास्त्रज्ञ राणा मन्स यांनी पिकांच्या क्षारसहनशीलतेचे जे दोन टप्पे मांडले, त्यांतील हा पहिला.

दुसरा टप्पा सावकाश येतो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड मुळांवाटे आत शिरतात. खोडातील जलवाहिन्यांतून ते पानांपर्यंत जातात आणि तेथेच अडकतात, कारण पानातून पाण्याची वाफ होऊन जाते. क्षार मात्र मागे राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडतात, टोकांकडून करपतात आणि गळतात. पेशींमधील अनेक विकरे पोटॅशियमच्या साह्याने काम करतात. सोडियम हा पोटॅशियमसारखाच दिसणारा, पण त्याचे काम करू न शकणारा घटक. त्याने पोटॅशियमची जागा बळकावली की पेशीचा कारभार बिघडतो. नवी पाने येण्याचा वेग जुनी पाने मरण्याच्या वेगापेक्षा कमी झाला की झाडाचा निभाव लागत नाही.

जमिनीचा खारेपणा मोजण्यासाठी तिच्या अर्कातील विद्युतवाहकता पाहिली जाते. ती प्रतिमीटर ४ डेसिसायमनपेक्षा अधिक असेल तर जमीन क्षारयुक्त समजली जाते. मास आणि हॉफमन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार, भाताचे उत्पादन ३ डेसिसायमनपासूनच घटू लागते आणि त्यापुढील प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ६ डेसिसायमनच्या जमिनीत एक तृतीयांशाहून अधिक पीक हातचे जाते. याउलट बार्ली ८ आणि कपाशी ७.७ डेसिसायमनपर्यंत फारशी घट दाखवीत नाही. गव्हाची मर्यादा ६ आहे. उसाची मात्र अवघी १.७. पाण्यात उभे राहणारे म्हणून भात कणखर वाटते. पण खारेपणाच्या बाबतीत ते प्रमुख तृणधान्यांतील सर्वांत नाजूक पिकांपैकी एक आहे. त्यातही रोपाची कोवळी अवस्था आणि फुलोऱ्याचा काळ हे दोन टप्पे सर्वाधिक जोखमीचे असतात.

पिकाजवळची तीन हत्यारे

खारेपणाशी झुंजण्याचे मार्ग वनस्पतींनी वेगवेगळे शोधले आहेत. कोकणच्या खाडीकाठची तिवरे खारे पाणी शोषतात आणि पानांवरील ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकतात; पानावर पांढरे कण हाताला लागतात ते त्यामुळेच. पिकांना ही सोय नाही. त्यांची हत्यारे स्थूलमानाने तीन आहेत.

पहिले हत्यार म्हणजे दारातच अडवणूक. मुळांच्या पेशींमध्ये सोडियम बाहेर ढकलणारे पंप असतात. त्यांतून निसटून सोडियम जलवाहिन्यांत शिरलाच, तर पानापर्यंत पोहोचण्याआधी त्याला पुन्हा ओढून घेणारी यंत्रणा असते. शांघाय येथील संशोधकांनी २००५ मध्ये भातात असे काम करणारे एक जनुक शोधून काढले. ते सापडले ‘नोना बोक्रा’ या वाणात. बंगालच्या खाऱ्या किनारपट्टीतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आलेले हे भात. बंगालीत ‘नोना’ म्हणजे खारट. शेतकऱ्यांनी त्याचा गुण नावातच नोंदवून ठेवला होता.

दुसरे हत्यार म्हणजे आत आलेल्या विषाला कोंडून ठेवणे. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी रिक्तिका नावाची पाण्याची पिशवी असते. काही वाण सोडियम या पिशवीत ढकलून ठेवतात, म्हणजे पेशीच्या कामकाजाच्या भागाला त्याचा स्पर्श होत नाही. समतोल राखण्यासाठी पेशीच्या उर्वरित भागात प्रोलिनसारखी निरुपद्रवी द्रव्ये तयार केली जातात. यासाठी ऊर्जा खर्च होते, आणि ती दाण्यात जाणाऱ्या ऊर्जेतूनच वजा होते. सहनशीलता फुकट मिळत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरे हत्यार पाण्याच्या काटकसरीचे. पानांवर असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. रंध्रे मिटली की पाणी कमी लागते, आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढणारा सोडियमही कमी होतो. ‘पुसा डीएसटी राइस १’ मध्ये वापरले गेलेले हत्यार मुख्यतः हे तिसरे आहे. आणि कुरखेड्याशी त्याचा धागा जुळतो तो येथेच.

एका जनुकाला दिलेली विश्रांती

शांघायच्याच संशोधकांनी २००९ मध्ये भातातील ‘डीएसटी’ या जनुकाचे कार्य उलगडले. नावावरून वाटते त्याच्या उलट, हे जनुक सहनशीलता देत नाही. ते सहनशीलतेला आवर घालते. त्याच्या हुकमामुळे रंध्रांच्या कडेच्या पेशींतील हायड्रोजन पेरॉक्साइड साफ केले जाते आणि रंध्रे उघडी राहतात. हे जनुक निष्क्रिय झाले की पेरॉक्साइड वाढते, रंध्रे मिटण्याकडे झुकतात आणि पानावरील रंध्रांची संख्याही घटते. निसर्गाने भरपूर पाण्याच्या काळासाठी दिलेला हा ‘उघडा दरवाजा’ संकटात महाग पडतो.

भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांनी ‘क्रिस्पर-कॅस’ या तंत्राने ‘१०१०’ मधील हेच जनुक निकामी केले. या तंत्राच्या विकासासाठी इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बीटी कपाशीत जसे जिवाणूचे जनुक बाहेरून आणून घातले जाते, तसे येथे अंतिम वाणात काही ठेवलेले नसते. वनस्पतीच्याच जनुकावर नेमक्या जागी छेद दिला जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी काढलेल्या आदेशान्वये, परके जनुक नसलेल्या अशा संपादित वनस्पतींना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील प्रमुख तरतुदींमधून सूट मिळाली. त्यामुळेच हा वाण बीटी वांग्यासारखा मंजुरीच्या दीर्घ फेऱ्यात अडकला नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील निष्कर्षांनुसार, संपादित रोपांची पाने रुंद निघाली, त्यांवरील रंध्रे कमी होती, पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढली आणि रोप अवस्थेत क्षार सहन करण्याची ताकद ठळकपणे दिसली. कोरडेपणाच्या बाबतीत सहनशीलता मध्यम स्वरूपाची होती. मे २०२५ मधील सरकारी घोषणेत, क्षारयुक्त आणि चोपण जमिनींत मूळ ‘१०१०’ च्या तुलनेत ९.६६ ते ३०.४ टक्के अधिक उत्पादन मिळत असल्याचे सांगण्यात आले.

राज्यातील खाऱ्या जमिनींचे तीन चेहरे

या टक्केवारीचा अर्थ महाराष्ट्राच्या संदर्भात लावायचा तर ‘खारी जमीन’ हा एकच शब्द पुरेसा नाही. देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ६ लाख हेक्टरांचा. पण या सहा लाखांतील तीन पट्ट्यांची दुखणी तीन प्रकारची आहेत.

कोकणातील खारजमिनींचा खारेपणा समुद्राचा आहे. बांध घालून खाडीपासून मिळविलेल्या या जमिनींत भरतीचे पाणी रोखण्यासाठी उघाड्या असतात. बांधाला खांड पडली की वर्षाची शेती बुडते. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी मीठ धुऊन नेते, त्यानंतरच लावणी होते; ऑक्टोबरनंतर खारेपणा पुन्हा वर येऊ लागतो. येथील शेतकऱ्यांनी ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ यांसारखी तांबड्या दाण्याची, खारे पाणी पचविणारी भाते जपली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १, २ व ३’ हे वाण दिले. गोव्याच्या खाजन शेतीतील ‘कोरगुट’ आणि केरळातील ‘पोक्काळी’ ही याच कुळातील. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहभागाने झालेल्या संशोधनात क्षारसहनशीलतेचा जो ‘सॉल्टॉल’ हा जनुकखंड हाती लागला आणि पुढे जगभर वापरला गेला, तो पोक्काळीतलाच.

दुसरा चेहरा पश्चिम विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावांचा हा खारपाणपट्टा. येथील काळ्या चिकण मातीत सोडियमचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पाऊस पडला की जमीन चिकट होऊन पाणी मुरू देत नाही, उघाड पडली की दगडासारखी कडक होते. भूगर्भातील पाणीही खारे, म्हणून विहीर असून ओलीत नाही. येथे धान नव्हे, तर कपाशी, ज्वारी, तूर, हरभरा ही पिके आहेत. अशा जमिनीत रंध्रांचे जनुक बदलून मातीची घडण सुधारत नाही.

तिसरा चेहरा सांगली-कोल्हापूरच्या बागायती पट्ट्याचा. तेथील खारेपणा निसर्गदत्त नसून बेसुमार पाण्याने ओढवून घेतलेला आहे. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला उसासाठी वर्षानुवर्षे पाट भरभरून पाणी दिले गेले. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले आणि सोन्यासारखी शेते पांढरी पडली. येथे उपाय सापडला तो बियाण्यात नव्हे, तर जमिनीखाली टाकलेल्या निचऱ्याच्या सच्छिद्र पाइपांत. शिरोळ तालुक्यात सहकारातून झालेल्या अशा कामांनी पडीक पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. क्षारसहनशील बियाणे शेतकऱ्याला वेळ मिळवून देते, जमीन दुरुस्त करून देत नाही. हरियाणातील कर्नाल येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेचा अनुभवही हेच सांगतो. तेथील ‘सीएसआर’ मालिकेतील भातवाण यशस्वी झाले, ते जिप्सम, निचरा आणि हिरवळीच्या खतासाठी धैंचा यांच्या जोडीने.

मग कुरखेड्याला काय?

कुरखेड्याच्या बांधीत मीठ नाही. पण तहान आहे. धानाची बरीच शेती पावसाच्या भरवशावर चालते. मृग-आर्द्रात पऱ्हे टाकायचे, पुरेसे पाणी साचले की रोवणी करायची, आणि मग पोळ्याच्या आगेमागे पाऊस दडी मारतो की काय या चिंतेत दिवस काढायचे, हा दर वर्षीचा क्रम. वर्षभराची सरासरी भरघोस असली, तरी ऐन निसवणीच्या वेळी पावसाचा खंड पडला तर सिहारसारख्या हलक्या मातीच्या बांध्या पाहता पाहता भेगाळतात. तेव्हा रोप जे सोसते, ते खारजमिनीतील रोपाने सोसलेल्या पहिल्या टप्प्यासारखेच असते : मुळाशी पुरेसे पाणी येत नाही आणि पान मात्र वाफ सोडीत राहते. एकाच जनुकाच्या नावात ‘दुष्काळ’ आणि ‘क्षार’ हे दोन्ही शब्द एकत्र आले ते यामुळेच. म्हणूनच खाऱ्या जमिनीच्या नावाने आलेले धान या जंगलपट्ट्यालाही उपयोगी पडण्याची शक्यता नाकारता येत नाही.

मात्र शक्यता आणि पुरावा यांत अंतर असते. घोषणेतील ९.६६ ते ३०.४ टक्क्यांचे आकडे क्षारयुक्त आणि चोपण जमिनींचे आहेत. खारेपणा नसलेल्या, पाणी साचणाऱ्या, पूर्व विदर्भाच्या बांधीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. उद्या बियाण्याच्या पिशवीवर ‘३० टक्के अधिक उत्पादन’ असे ठळक अक्षरांत छापून आले, तर कुरखेडा, कोरची किंवा आरमोरीच्या बाजारात ते वाचणाऱ्या शेतकऱ्याची दिशाभूल होण्याचा धोका आहे.

दुसरा मुद्दा किमतीचा. पैशांच्या नव्हे, झाडाने मोजावयाच्या. रंध्रे कमी असली की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडचा प्रवेशही आकसतो आणि वाफेमुळे पानाला मिळणारा गारवाही कमी होतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी हा सौदा फायद्याचा ठरू शकेल. पण ज्या वर्षी बांध्या काठोकाठ भरलेल्या असतील, त्या वर्षी हे धान मूळ ‘१०१०’ च्या बरोबरीने उतरेल का? फुलोऱ्याच्या वेळी उष्मा वाढला तर दाणा भरेल का? तुडतुडा, करपा यांच्यापुढे ते कसे टिकेल? या प्रश्नांची उत्तरे खारजमिनीच्या चाचण्यांतून मिळणार नाहीत. ती मिळतील सिंदेवाही आणि साकोली येथील संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रांवर, सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बांध्यांत. तीही एका हंगामात नव्हे, तर चांगल्या आणि वाईट पावसाच्या अनेक हंगामांत.

तिसरा मुद्दा पर्यायांचा. पावसाच्या खंडावर झाडीपट्टीने फार पूर्वी एक उत्तर शोधले होते : मालगुजारी तलाव आणि बोड्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो मामा तलाव आहेत. त्यांतील अनेक गाळाने भरले, काहींचे पाट फुटले, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. तलावातून मिळणारे एक वेळचे संरक्षित पाणी ‘१०१०’ लाही वाचविते आणि इतर कोणत्याही वाणालाही. शिरोळला निचरा हा जसा बियाण्याच्या आधीचा उपाय ठरला, तसा कुरखेड्यात तलावांचा गाळ उपसणे हा बियाण्याच्या आधीचा उपाय आहे. नवे वाण त्याला जोड देऊ शकेल. त्याची जागा घेऊ शकणार नाही.

आक्षेप आणि हक्क

नव्या वाणावर आक्षेपही घेतले गेले आहेत. जनुकीय पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी जैवसुरक्षा नियमांतून दिलेल्या सवलतीला हरकत घेतली. २०२५ मध्येच त्यांनी अखिल भारतीय चाचण्यांच्या अहवालांतील आकडे आणि जाहीर केलेले दावे यांत मेळ नसल्याचा आरोप केला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने तो फेटाळून लावला. जनुक संपादनाच्या मूळ तंत्राची स्वामित्वे परदेशी संस्थांकडे असल्याने, बियाणे बाजारात येताना त्याचे दायित्व कोणावर पडणार, असाही प्रश्न विचारला गेला. या वादात कोणतीही एक बाजू डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशांतून झालेल्या सार्वजनिक वाणाचे चाचणी-आकडे केंद्रनिहाय, हंगामनिहाय आणि मराठीसह स्थानिक भाषांत खुले झाले, तर आरोप आणि उत्तर या दोहोंची शहानिशा शेतकऱ्यालाही करता येईल.

कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने आहे, हे मात्र फारसे बोलले जात नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत वाण विकताना तो कोणत्या परिस्थितीत किती उत्पादन देईल, हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. तसे न घडल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. ‘कोणत्या परिस्थितीत’ हे शब्द कळीचे आहेत. खाऱ्या जमिनीतील आकडा दाखवून गोड्या पाण्याच्या बांधीसाठी बियाणे विकले जाणार नाही, याची हमी या शब्दांत दडलेली आहे. ती वापरात आणण्याचे काम कृषी खात्याचे आहे, तसेच गावोगावच्या शेतकरी गटांचेही आहे.

या संदर्भात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण आठवणे अपरिहार्य आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या शेतातील ‘पटेल ३’ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून वाढविल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ हे बारीक, चवदार धान जन्माला आले. मनगटी घड्याळाचे नाव मिळालेले हे धान पुढे दूरवर पसरले. श्रेय आणि लाभ मात्र त्यांच्या वाट्याला उशिरा आणि अपुरे आले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेत जनुकाची अक्षरे वाचण्याची सोय नसलेल्या या माणसाने नजरेने जे केले, तेच नोना बोक्रा, पोक्काळी आणि काळा राता निवडणाऱ्या अनाम शेतकऱ्यांनी केले होते. पुढच्या संशोधकांना जनुके मिळाली ती या निवडींमुळे.

म्हणूनच, एका सुधारित वाणाने साऱ्या बांध्या व्यापल्या तर काय गमावले जाईल, याचाही विचार झाला पाहिजे. झाडीपट्टीत हलकी, मध्यम आणि भारी अशा मुदतींची कितीतरी जुनी धाने होती; कोणती बांधीच्या उंच बाजूला, कोणती खोलगट भागात, हे ठरलेले असे. ‘१०१०’ सारख्या वाणांनी उत्पादन वाढविले, आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रांवर खात्रीची विक्री मिळवून दिली, हे खरेच. पण जुनी धाने मागे पडली, तशी त्यांच्यातील न वाचलेली जनुकेही नाहीशी होऊ लागली. पावसाच्या खंडात तग धरणारे पुढचे जनुक कदाचित कुरखेड्याच्याच एखाद्या घरातील बियाण्याच्या ढोलीत असेल. ती ढोली रिकामी झाली, तर कोणतेही संपादन-तंत्र ते परत आणू शकणार नाही.

निर्णयापूर्वीची कामे

कोणताही नवा वाण पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित बियाणे अशा पायऱ्या ओलांडून शेतकऱ्यापर्यंत येतो. हा मधला काळ वाया घालविण्यासारखा नाही. या काळात तीन कामे होऊ शकतात. पूर्व विदर्भाच्या प्रतिनिधिक बांध्यांत मूळ ‘१०१०’ आणि संपादित ‘१०१०’ यांच्या शेजारी-शेजारी चाचण्या घेऊन त्यांचे निकाल गावात जाहीर करता येतील. त्याच चाचण्यांत स्थानिक जुनी धानेही उभी करता येतील, म्हणजे तुलना एकतर्फी राहणार नाही. आणि बियाण्यावर होणाऱ्या खर्चाच्या जोडीने मामा तलावांच्या दुरुस्तीचा हिशेबही मांडता येईल.

पिकाचा खारेपणाशी चाललेला झगडा हा अखेरीस पाण्याच्या हिशेबाचा झगडा आहे. पनवेलच्या खारजमिनीत आणि कुरखेड्याच्या बांधीत रोप एकच प्रश्न सोडवीत असते : मुळाशी जे आहे त्यातले किती आत घ्यायचे, आणि पानातून किती सोडायचे. ‘पुसा डीएसटी राइस १’ ने त्या हिशेबातील एक आकडा बदलला आहे. तो आकडा कुरखेड्याच्या मातीत जुळतो की नाही, हे दिल्लीतील घोषणा ठरवू शकत नाही. तसेच तिला होणारा विरोधही ठरवू शकत नाही. ते ठरेल बांधीत, काही हंगामांच्या नोंदींनंतर. त्या नोंदी होण्यापूर्वी बियाण्याची पिशवी बाजारात आली, तर प्रयोगाची किंमत मात्र एक-दोन एकरांवर वर्ष काढणाऱ्या शेतकऱ्याला मोजावी लागेल.